अर्जातली केळी

बाई, आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. दूध उतू गेलं, ओटा पुसला, लॅपटॉपपाशी आले, पुन्हा उठून गॅलरीत गेले. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याला व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार सांभाळायला माणूस हवंय. बायोडेटासोबत कव्हर लेटर पाठवा म्हणतात. म्हणजे आपला अर्जच की. मी कोण आणि तुमच्या काय उपयोगाची, ते एका पानात सांगायचं. तेही या वयात. तुम्ही असता तर तडक तुमच्या टायपिंग क्लासात येऊन बसले असते. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

जेऊरहून रेल्वेनं क्लासला यायचे, तेव्हाचा माझा पहिला अर्ज मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. एका चादरीच्या पेढीला कारकून हवा होता. मी गाईडमधून उतरवून काढलं होतं, ‘मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू आहे. आपल्या कृपेची अभिलाषी.’ तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, वाचता आणि सगळ्या मुलींसमोर विचारता, “कृपा कशाला मागायलीस गं? काम मागायलीस की!” मग शेजारच्या मुलीकडं बोट करून, “ह्यातलं तुझं नाव खोडून हिचं घातलं तर काय बिघडतं? सांग.” ती मुलगी हसते. मला रडू फुटतं. “मी अजून काहीच केलं न्हाय, बाई. लिहू काय?” “घरी काय करतीस?” “वडलांची केळी हायती. व्यापाऱ्यांशी फोनवर मीच बोलते.” तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि एकेक विचारत गेलात. एका व्यापाऱ्यानं माल कच्चा म्हणून भरलेली गाडी परत धाडली होती आणि मी फोनाफोनी करून ती दुसरीकडं उतरवली होती, तेही तुम्ही काढून घेतलंत. “मग हे लिही की!” नोकरीच्या अर्जात केळी! लाजेनं माझे कान तापले. मी नाही म्हणाले, तशा तुम्ही रागावून तुमच्या कन्नडात बोलायला लागलात. शेवटी लिहिलं. मुलाखतीला तुम्ही दिलेली इस्त्रीची साडी नेसून गेले. मालकांनी माझे मार्क पाहिलेच नाहीत. त्या गाडीचं तेवढं विचारलं आणि म्हणाले, “सोमवारपासून या.”

काल पुण्याहून लेकीचा फोन आला. “आई, मोबाईलला सांग, तो लिहून देतो.” दिलं त्यानं. गुळगुळीत इंग्रजी, एकही चूक नाही. पण त्यात कुणाचंही नाव घातलं असतं तरी चाललं असतं. लेक पुढं म्हणाली, “मधल्या वर्षांचं काही लिहू नकोस. गॅप दिसली की बाजूला टाकतात.” “मग तेवढी वर्षं मी काय करत होते म्हणू?” सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्यांना कूस बदलून द्यायलाही माणूस लागायचं, म्हणून मी पेढी सोडली होती. हे तिलाही ठाऊक आहे.

आज ते सगळं पुसलं. जाहिरात पुन्हा वाचली. तक्रारींना उत्तरं देता यायला हवीत, असं त्यांनी लिहिलंय. मग पेढीतल्या हुबळीच्या व्यापाऱ्याचं लिहिलं. रंग जातो म्हणून तो चिडला होता. मी गोदामात जाऊन पाहिलं, तर पक्क्या रंगाच्या मालात कच्च्या रंगाचा माल बांधला गेला होता. चूक आमची, असं त्याला सरळ कळवलं, माल बदलून दिला आणि तो व्यापारी टिकला. खाली सासूबाईंचं दोन ओळींत लिहिलं. त्या आता नाहीत, मी पूर्ण वेळ येऊ शकते, एवढंच. कृपा कुठंच मागितली नाही. पाठवलं आणि घरभर फिरत राहिले. भांडी घासलेलीच पुन्हा घासली.

दुपारी फोन वाजला. कारखान्यातून एक बाई बोलत होत्या. “तुमचं हुबळीचं वाचलं. गुरुवारी या, समोरासमोर बोलू.” लेकीला सांगितलं तर ती फोनवरच ओरडली. मीही हसले तिच्याबरोबर.

हे पत्र मात्र कुठं पाठवणार? तुमचा पत्ताच उरला नाही. म्हणून इथंच सांगते, लेकीला बोलले नाही ते. नकार आला असता तर मी मुकाट्यानं स्वयंपाकाला लागले असते. त्यांनी ‘या’ म्हटलंय, आणि तेव्हापासून गुरुवार येऊच नये असं वाटतंय.