नर्मदा, दुसरी फाईल

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार

धाकट्या भावाने, अनंतने, आज डबा आणून दिला. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क – विटेएवढी, करडी, तिला वेगळा प्लग. त्याच्या क्लासमधला जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यापासून माझ्या टेबलावर आहेच. मागच्या महिन्यात तो बंद पडला आणि आईच्या दोन गोष्टी कायमच्या गेल्या, तेव्हापासून मला धास्ती. दोन वर्षं मी तिच्या रामटेकच्या आठवणी उतरवते आहे, तिच्याच शब्दांत. आई पंचाहत्तरची. पुन्हा कोण सांगणार?

"ताई, एक गोष्ट दोन जागी असली का मरत नाई," अनंत म्हणाला. मागे वायर खोचली, स्क्रू आवळले, डिस्क तयार व्हायला अर्धा तास लागला. लाईटचा भरवसा नाही, एकेकच फाईल उतरव म्हणाला.

डबा घूं घूं करत होता. आई खाटेवरून बघत होती. "काय खाते गा हे?"

"तुह्या गोष्टी खाते, आई," अनंत म्हणाला.

आई हसली.

१५ नोव्हेंबर

पहिली फाईल, आईचं लग्न. वाटेत बैलगाडीचं चाक निखळलं आणि नवरदेवाने डोक्याचा फेटा सोडून ते बांधलं, ती गोष्ट. डब्यात उघडून पाहिली. अक्षरन् अक्षर तसंच. शांत वाटलं.

१७ नोव्हेंबर

शेजारच्या कांताबाई आल्या होत्या. "आजी, ते चाकाचं सांगा ना." आईच्या हातात संत्र्याची फोड तशीच राहिली. "कोनतं चाक वं?"

वय झालं.

१९ नोव्हेंबर

काल धानाच्या रोवणीची फाईल उतरवली. आज दिवसभर आई रोवणीचं गाणं गुणगुणली नाही. मीच विचारलं. म्हणाली, "धान? आपल्या घरी धान होतं का?"

२० नोव्हेंबर

योगायोग असणार.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज मुद्दाम करून पाहिलं. लहानशी गोष्ट निवडली – आईने लहानपणी मास्तरांच्या पांढऱ्या कोंबडीला शाई फासली होती ती. सकाळी तिला सांगायला लावली. खुदखुदत सांगितली. मग मी आत जाऊन ती फाईल डब्यात उतरवली. दोन मिनिटांचं काम. चहा घेऊन बाहेर आले आणि कोंबडीचं काय झालं विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, एखाद्या परक्या घरी आल्यासारखं. अदबीने म्हणाली, "तुमच्याकडे कोंबड्या हायेत का?"

तुमच्याकडे.

मी वायर उपटली. मग पुन्हा जोडली आणि डब्यातली कोंबडी पुसून टाकली. दुपारी पुन्हा विचारलं. काही परत आलं नव्हतं. अनंतला फोन केला. "ताई, कॉपी म्हनजे कॉपी. मूळ जागच्या जागीच राह्यते. तू लय लिहून राहिली, झोप जरा."

२५ नोव्हेंबर

नर्मदेचं कधी या वहीत लिहिलं नाही. माझी मोठी बहीण. नऊ वर्षांची असताना अंबाळ्याच्या तलावात बुडाली. मी दोन वर्षांची होते, अनंत जन्मलाही नव्हता. आम्ही दोघं आई म्हणतो. माय म्हणणारी ती एकटीच.

एक्केचाळीस वर्षं आई डोळे उघडले की पहिलं हेच विचारते – "काढली का तिले पान्यातून?" मी म्हणते, काढली, आई. मग ती रडते, मग चहा घेते. आज चहाही घेतला नाही. दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून होती.

नर्मदेच्या दोन फायली आहेत. आई कोणतीही गोष्ट शेवटापासून सांगते. "आधी वाईट सांगून टाकाव. मंग ऐकनाऱ्याचा जीव टांगून नाई राहत." म्हणून पहिल्या फाईलमध्ये तलाव आहे. दुसरीत त्याआधीचं सगळं – जन्म, वेणीचा हट्ट, फ्रॉकच्या खिशातल्या चिंचा.

आज डब्याकडे पाहत बसले. मला काय वाटतंय ते लिहवत नाही.

२६ नोव्हेंबर

केलं. सकाळी साडेदहाला पहिली फाईल उतरली. दुसरीची आज्ञा दिली आणि लाईट गेली.

दुसरी राहिली.

२७ नोव्हेंबर, रविवार

आई उठली. मी उशाशीच बसले होते. तिने काही विचारलं नाही. "चहा ठेव वं" म्हणाली.

मग पेटीतून लाल रिबीन काढली, फणी घेतली आणि दारात पाट मांडून बसली. "नर्मदा काहून नाई आली वं अजून? केस इचरायचे हायेत तिचे." जेवताना तीन ताटं मांडायला लावली. असा उजळलेला चेहरा मी तिचा जन्मात पाहिला नव्हता.

दुसरी फाईल उतरवली की ही वाट पाहणंही संपेल. पण मग नर्मदा कुठे उरेल? मला तिचं तोंड आठवत नाही. अनंतला तर नाहीच. आईतून गेली की ती फक्त त्या डब्यात, माझ्या अक्षरांत. आणि उतरवली नाही, तर आई रोज दारात बसणार.

लाईट दिवसभर होती. मी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

२९ नोव्हेंबर

डबा अनंतला परत केला. "बिघडला का?" नाही म्हटलं. आणखी काय सांगणार!

आई दारातून हाका मारते. ओ येत नाही म्हणून कासावीस होते. उद्यापासून मीच ओ देणार. त्रेचाळीस वर्षांची बाई नऊ वर्षांच्या मुलीची ओ देईल. आईला ऐकू कमी येतं, चालून जाईल. माय म्हणायचं तेवढं लक्षात ठेवायला हवं.

३० नोव्हेंबर

सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आईने दारातून हाक मारली, "नर्मदेऽ". मी लाटणं ठेवलं, पदराला हात पुसले. तोंड उघडायच्या आत अंगणातून ओ आली – "आली वं माय."