उजव्या चाकाची घरघर

१ सप्टें., सोम.
पुन्हा तेच. मलकापूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, काटा साठावर गेला आणि पिकअपचं स्टेअरिंग थरथरायला लागलं. खालून घरघर. जात्यात खडा सापडल्यासारखी. वेग कमी केला की थरथर जाते, घरघर राहते. जळगाव जामोदच्या बाजारात मिरची उतरवताना हमालसुद्धा म्हणाला, गाडीले दमा झाला का बे.
घरी सांगितलं. बाबांनी गाडीकडं पाह्यलंच नाही, माझ्याकडं पाह्यलं. म्हणे गड्ड्यातून उडवत नेतो, दुसरं काय. गजू, माझा चुलतभाऊ, ओट्यावर बसून दात कोरत होता. बाबा त्याच्यासमोर म्हणाले, "येत्या सोमवारपावतर आवाज गेला नाही, तं चावी गजूले."
गजूले. ज्याला गाडी मागं घ्यायला अजून कोणीतरी 'आन, आन' म्हणत उभं लागतं.
जेवलो नाही.

२ सप्टें.
चावी गेली की जळगाव जामोदच्या बाजाराच्या फेऱ्या, सोमवार-गुरुवार, गेले. सोमवार-गुरुवार गेले की प्र. गेली. एवढा सरळ हिशोब आहे आणि घरात कोणाला सांगता येत नाही.
प्र. जळ. जा.ला नर्सिंग करते. बी.एस्सी.ला एका वर्गात होतो. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, ती तिकडं गेली. बाजार आटोपला की स्टँडसमोर एक चहा, तेवढंच आमचं. मागं म्हणाली होती, "कॉलेज सोडलं, ठीक हाय. आता गाडी तरी सोडू नको. घरी इचारलं तं मले काई सांगता आलं पाह्यजे न."
सोडून नाही राह्यलो मी. हिसकून राह्यले.

४ सप्टें., गुरु.
सकाळी टायरवाल्याकडं. पुढची चाकं काढली तर रिमच्या आत काळी माती वाळून विटेसारखी बसलेली. तो म्हणाला, चाक एका बाजूला जड झालं तर थरथरणारच. खरडून काढली, बॅलन्सिंग केलं. थरथर बरीच गेली. घरघर जशीच्या तशी. मग मी त्याला पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं टाकायला लावले. आवाज मागं गेला असता तर टायरचा. नाही गेला. पुढंच. म्हणजे टायर नाही.
प्र. भेटली. पूर्ण वेळ चाकाबद्दलच बोललो म्हणे मी. चहा निवला तिचा. उठताना म्हणाली, तू चाकावर चिडला का बाबावर? मी म्हटलं दोघांवर. हसली नाही.

५ सप्टें.
बाबांनी त्यांचा जुना मिस्त्री लावून दिला. त्यानं गाडी चालवूनही पाह्यली नाही. कानाला पेन्सिल, तोंडात खर्रा, बसल्या जागी निकाल. ब्रेक. पॅड बदलले. गावाबाहेर काढली, घरघर. परत येऊन जे तोंडात आलं ते बोललो. त्यानं बाबांना फोन लावला, पोराले बोलाची रीत नाही तुमच्या.
घरी आल्यावर त्यावरच. गाडीचं कोणी विचारलं नाही. गजू म्हणे, "मी काय म्हंतो दादा, तू कॉलेजच पुरं कर." मी ताट सरकवलं. आई मध्ये आली म्हणून, नाही तर.

६ सप्टें., शनि.
डोकं थंड नव्हतं, पण कान लावून चालवली आज. रेडिओ बंद, काचा खाली. रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावीकडं घेतली, घरघर वाढली. उजवीकडं घेतली, दबली. पुन्हा. पुन्हा तेच. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो. म्हणजे उजवं. थांबून हात लावला, डाव्या चाकाचा मधला भाग कोमट, उजव्यावर हात ठेववेना.
तसाच मलकापूरला वसीमभाईंच्या गॅरेजवर. जॅकवर उचलली. वर-खाली धरून हलवलं, चाक खुटखुट करतं. मी चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला, त्यांनी चाक फिरवलं, बोटांना वाळूसारखी खरखर कळली. "बेअरिंग," दोघंही एकदम म्हणालो.
खोललं. आतलं ग्रीस पांढरं, पातळ, ताकासारखं, त्यात गंज. वसीमभाईंनी बोटावर घेतलं. म्हणाले, पानी गेलंय. गरम गाडी नदीत उभी केली होती का कोणी?
आणि डोक्यात उजेड पडला.
पोळ्याच्या आदल्या दिवशी. खांदमळणी, बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचा दिवस. बैलजोडी विकून ही पिकअप घेतली तरी बाबांना तो दिवस चुकवता येत नाही. मी फेरीवरून येऊन झोपलो होतो. बाबांनी गजूला गाडी नदीत घालायला लावली, चाकं बुडेपर्यंत, तासभर. बैलासारखी घासली. घरी आणून बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांना तूप-हळद चोळली. खांदे. तापलेलं चाक गार पाण्यात गेलं की पाणी आत ओढतं, वसीमभाई म्हणाले. डावंही खोललं. तेच, जरा कमी.
आणि गड्डे माझे.
दोन्ही बेअरिंगा बदलल्या, घरी येताना साठावरही घरघर नाही. जुनी उजवी कागदात बांधून घेतली.

७ सप्टें., रवि.
ओट्यावर गजू होता, बाबा होते, शेजारचे दोघं होते. सगळ्यांसमोर कागद सोडला. सगळं बोललो. शेवटी म्हटलं, "गाडी मी नाही मारली. तुमच्या पोळ्यानं मारली."
गजू उठून गेला. बाबांनी बेअरिंग घेतली, बोटानं फिरवली, अडली तिथं थांबले. वास घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडायला गेलो होतो.
आई आत म्हणाली, जिंकला न आता, जेव.
प्र.ला फोन केला, सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. ती म्हणाली, "लोकाइसमोर काऊन सांगितलं?" मी म्हटलं बाबांनी गजूसमोर नव्हतं का सुनावलं. म्हणाली उद्या आला तं बोलू. आला तं.

संध्याकाळ.
बाबा गाडीपाशी उभे. मी मुद्दाम गेलो नाही. त्यांनीच हाक मारली. मला वाटलं आता चावीचं निघेल. उजव्या चाकाकडं पाहत म्हणाले, "वरून वरून धुतली, बादलीनं, तं चालते का?"
मी म्हटलं चालते. गार झाल्यावर.
"मंग तुपाचं काई नाही न?"
"तुपाचं काई नाही."
मान हलवली, आत गेले. उद्या सोमवार. गजू समोरच्या ओट्यावर बसून वाट पाहतोय, मी इथं. चावीचं बाबा अजून काही बोललेले नाहीत.