दादाने चेंडू मागितला

तीर्थरूप सीनी आत्याबाई,

तुमच्या इनोकेचा खाली बसून नमस्कार. (खरोखरच खाली बसलोय. खुर्ची फेलेतीदादाच्या खोलीत गेली.) तुमचा गुडघा कसा आहे? कोनफळं लावून झाली का? कोलोवाईची वटवाघळं अजून तशीच उलटी टांगून घेऊन गावावर लक्ष ठेवून आहेत ना? इकडे सिडनीत थंडी पडली आहे, पण आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे तुमचा फेलेती सुखरूप आहे आणि मी त्याच्या शेजारच्या खोलीत आहे.

मी फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. माझा फोन फेब्रुवारीत दादाला आवडला. मार्चमध्ये माझे नवे बूट आवडले, आणि गाडी तर मी घेतली त्याच संध्याकाळी आवडली. ही तक्रार नाही हं. आत्याच्या लेकराने हात पुढे केला की मामाच्या पोराने हातात असेल ते द्यायचं, हा फाहूचा मान तुम्हीच मला शिकवलात. माझं नावही तुम्हीच ठेवलंत, तेव्हा तेसुद्धा उद्या त्याने मागितलं तर मी दुसरं शोधीन. रविवारी चर्चहून आल्यावर अंगणात पुरलेली भट्टी उघडते, तेव्हा डुकराची कुरकुरीत साल त्याच्याच पानात पडते आणि मला कोनफळ मिळतं, आणि कोनफळ मला आवडतंच. त्रास होतो तो फक्त बोळाचा. या घरातला बोळ अरुंद आहे, दादा त्यात मधोमध खुर्ची टाकून माझ्या फोनवर बोलत बसतो, आणि मोठ्या माणसासमोरून जायचं तर कमरेत वाकून, माफी मागत 'तुलोऊ' म्हणत जायचं, ही तुमची शिकवण. दिवसातून वीसदा वाकतो. क्लबच्या डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या लहान वयात पाठ कशाने धरली? मी म्हणालो, संस्कारांनी.

आता रग्बीचं सांगतो. मी राखीव संघात आहे, दादा दुसऱ्या क्लबच्या राखीव संघात. (तो दहा वर्षं तिथेच आहे. एकतिसावं लागलं. पहिल्या संघाचं बोलावणं अजून आलं नाही, आणि तो विषय घरात कोणी काढत नाही. तुम्हीही काढू नका.) मला मैदानाच्या कडेला उभं करतात. कडेच्या माणसापर्यंत चेंडू यायला पुष्कळ वेळ लागतो, आणि त्या वेळात मी कुठेकुठे जाऊन येतो, आत्याबाई. एप्रिलमध्ये दादाच्या संघाशी सामना होता, त्या दिवशी ऊन होतं, गवत नुकतंच कापलेलं. लोक लाकडी बाकांवर पाय आपटत होते, आणि मला ऐकू आली ती तुमच्या ओसरीवरची टकटक. तुम्ही सगळ्याजणी ओळीने बसून कापडासाठी तुतीची साल कुटताय, साल रुंद होत चालली आहे, आणि मी सहा वर्षांचा होऊन तुमच्या पायाशी आडवा पडलोय. समुद्र मागे सरकलाय, खडकावरच्या डबक्यात ढग पडलेत. तेवढ्यात कोणीतरी चेंडू माझ्या छातीवर फेकला. मी तो धरला, पळायला लागलो, समोर रान मोकळं होतं, आणि त्या रानात एकटा फेलेतीदादा उभा होता. त्याने मला पाडायचं सोडून शांतपणे हात पुढे केला आणि ओसरीवरून सांगावं तसं म्हणाला, "इकडे दे, इनोके."

मी दिला. दोन्ही हातांनी दिला.

तो पळत गेला आणि त्याने आमच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे झाला ट्राय. मैदानावर अशी शांतता पसरली की शेजारच्या रस्त्यावरचा कुत्रा ऐकू आला. आमचे कोच डॉनलीसाहेब तांबडे माणूस आहेत, त्या दिवशी पांढरे झाले. खेळ संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, का दिलास? मी म्हटलं, त्याने मागितला. ते म्हणाले, मी मागितला असता तर? मी खरं ते सांगितलं, की साहेब, तुम्ही आमच्या आत्याबाईंच्या पोटचे नाही. त्या दिवसापासून सरावात सगळे माझ्यापुढे हात पसरतात आणि स्वतःला माझी आत्या म्हणवतात. दादा मात्र त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होता. (माझ्या गाडीत. मी बसने आलो, पण बोळात गुणगुणणं चालूच होतं.) वर्षातला त्याचा तो पहिला ट्राय होता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

असो. आता जुलै आहे, आणि येत्या शनिवारी पुन्हा त्यांच्याशीच सामना आहे. आमच्या पहिल्या संघातल्या कडेच्या खेळाडूचं ढोपर फिरलंय, त्याची जागा रिकामी आहे, आणि शनिवारी मला बघायला मोठे कोच येणार आहेत. डॉनलीसाहेबांनी सांगून ठेवलंय, या वेळी नातेवाइकांना काही देऊन टाकलंस, तर सोमवारपासून गोदामात खोकीच उचल, इकडे फिरकू नकोस. तुम्ही काळजी करू नका. बाकी सर्व ठीक. सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचा आज्ञाधारक,
इनोके

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. दादाला नाही म्हणायचा अधिकार मला नाही, पण दादाला गप्प बसवायचा अधिकार तुम्हाला आहे. तेवढा शनिवारी ऐंशी मिनिटांपुरता चेंडू सोडून द्यायला सांगाल का? ऐंशीच्या वर एक मिनिटही नको. नंतर हवं तर त्याने चेंडू घरी न्यावा.

ता. क. दुसरा (रविवार). पत्र टाकायचं राहूनच गेलं. आत्ता पिशवीत मोज्यांखाली सापडलं. शनिवार होऊन गेला, तेव्हा वर लिहिलेलं सोडून द्या आणि हे वाचताना जरा बसून घ्या. शेवटची पाच मिनिटं होती, चेंडू माझ्याकडे, समोर पुन्हा तोच. हात पुढे आला. "इकडे दे." आत्याबाई, माझे दोन्ही हात निघालेच होते. पण तोंडातून "नाही, दादा" असं गेलं. जन्मात पहिल्यांदा. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. तो क्षणभर थिजला, मग मला आडवं करायला त्याने हात फिरवला. आणि मी त्याच्या पुढून जात होतो ना, म्हणून सवयीने कमरेत वाकलो आणि म्हणालो, "तुलोऊ." त्याचा हात माझ्या डोक्यावरून गेला. मी सरळ झालो तेव्हा पुढे कोणी नव्हतं, नुसतं गवत होतं, आणि तुमची ती टकटक. नाही म्हणालो त्याबद्दल माफ करा. वाकलो होतो, हे मात्र ध्यानात घ्या.

दादाचं सांगायचं राहिलं. आज सकाळी उठलो तर माझे बूट दाराशी होते, चिखल काढून पुसलेले. आणि भट्टी उघडली तेव्हा साल माझ्या पानात होती.

ता. क. तिसरा (मंगळवार). पहिल्या संघाची जर्सी मिळाली. शुक्रवारी खेळायचंय. घरी आणून पलंगावर ठेवली, आणि दादाने विचारलं, बघू जरा? आता 'नाही' कुठून म्हणणार? माझ्याकडचा सगळा 'नाही' शनिवारीच संपला. आमच्या चर्चच्या पाद्रीबाई उद्याच्या विमानाने तिकडे येताहेत, हे पत्र त्या हातात देतील. घराण्यातली पहिली जर्सी मानाने तुमची, आणि ती त्याच्याकडून मागून घ्यायचा अधिकारही फक्त तुमचा. तेव्हा त्याला फोन करा. (माझ्याच नंबरवर. तोच उचलेल.) शुक्रवारी मला ती घालू द्या, मग ती तुमच्याकडे पाठवतो.

पण गुरुवारी रात्री करा, त्याआधी नको. आत्ता पाणी प्यायला गेलो होतो. तो बोळातल्या आरशासमोर ती घालून उभा आहे. पोटावर घट्ट होते. श्वास रोखून धरलाय त्याने, आणि पाठीवरचा नंबर दिसतो का ते मान वळवून बघतोय. मी वाकून त्याच्या मागून निघून आलो. त्याला कळलं नाही.