आईची चांदीची कडी

३ मार्च, सकाळी ७
संकल्प. आईची चांदीची दोन्ही कडी लख्ख करणार. वीस तारखेला ताई येतेय. गेल्या वेळी दारातच ऐकवून गेली, की इथे आईकडे कोणी बघत नाही, पुढच्या खेपेला तिला घेऊनच जाणार. आई कुठेही जाणार नाही. चकाकती कडी बघितली की ताईची बोलती बंद.
माझ्या कामाचा उरक दांडगा आहे. गेल्या रविवारीच गच्चीवर जाऊन, आईच्या बाथरूमवरच्या पाइपाचं उघडं तोंड प्लॅस्टिकची पिशवी बांधून बंद केलं. पारव्यांचा बंदोबस्त. प्लंबर लागला नाही.

संध्याकाळी
भांड्यात फॉइल, मीठ, खायचा सोडा, उकळतं पाणी. दहा मिनिटांत कडी पांढरीशुभ्र! आईने हातात घेतली आणि खाली ठेवली. डोकं दुखतंय म्हणाली. आनंद झाला की तिचं डोकं दुखतंच.

६ मार्च
कडी पिवळट. सोडा जुना असणार.

८ मार्च
काळी. नवा सोडा आणूनसुद्धा. सोनाराकडे गेलो. म्हणाला, चांदी इतक्या लवकर काळी पडत नाही, घरात गटाराचा वास येतो का बघा. सोनार आहे की प्लंबर? पॉलिशची डबी घेतली आणि निघालो.

९ मार्च
आमच्या हिला आईच्या खोलीत सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणे. मला येत नाही. माझं नाक बारा महिने सर्दीने चोंदलेलं, हे मान्य. पण इथे नाकाचं काम नाही, डोक्याचं आहे. वास पॉलिशचा. विषय संपला.

११ मार्च
मूळ सापडलं! इंटरनेटवर आहे, चांदी हवेने काळवंडते. मग हवाच बंद. दागिन्यांचा डबा खोलीबाहेर न्यायला आई तयार नाही, म्हणून तिच्या खोलीची खिडकी लावून फटींना टेप मारली. काम एकदम पक्कं झालं.

१४ मार्च, सकाळी
काल घासली, आज काळी. आईच्या चष्म्याची चांदीची साखळीसुद्धा. साखळीला मी कधी हातच लावला नव्हता. म्हणजे माझ्या पॉलिशचा दोष नाही. एक शंका मिटली. दुसरी आलीये, ती लिहीत नाही.
आई हल्ली अकरापर्यंत झोपते. खिडकी बंद असल्याने रस्त्याचा आवाज येत नाही, त्याचा फायदा.

१७ मार्च
आई बाथरूममधून येताना दाराची चौकट धरून उभी राहिली. गरगरतंय, खिडकी उघड रे, म्हणाली. म्हटलं, फक्त वीस तारखेपर्यंत. बरं, म्हणाली. माझं सगळं ऐकते.
आमची ही टेप काढायला गेली, मी आडवा उभा राहिलो. आता बोलणं बंद आहे. कडी घासायला तेवढी शांतता.

२० मार्च, सकाळी ९
आजचा दिवस माझा. कडी आरशासारखी. आईच्या हातांत घालून ठेवली, म्हणजे ताईची नजर आधी तिकडे जाईल. आईचे हात गार लागले. चांदीमुळे असेल.

दुपारी, हॉस्पिटल
ताईची हाक ऐकून आई घाईने उठली आणि दारापर्यंत येताच कोसळली. मनगट मोडलं. सूज एवढी, की डॉक्टरांनी एक कडं कापून काढलं.

२१ मार्च
खोलीत पाऊल टाकताच ताईने नाकाला रुमाल लावला, टेप फाडली, खिडकी सताड उघडली. प्लंबर तिनेच बोलावला. त्याचं म्हणणं, गटारातला वायू बाहेर पडायला गच्चीवरचा तो पाइप असतो. तोंड बांधलं, म्हणून वायू उलटा फिरून आईच्या खोलीत येत होता. आणखी आठ दिवस गेले असते तर, एवढंच बोलून तो थांबला. मग विचारलं, पिशवी कोणी बांधली?
मी म्हटलं, पारव्यांचा फार त्रास आहे.

२८ मार्च
आई गेली ताईकडे. अडवायला तोंड कुठे होतं? निघताना उरलेलं कडं माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, तुझ्याकडेच असू दे, तुला वास येत नाही, ह्याला येतो. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

५ एप्रिल, संध्याकाळी
कडं तिच्या खोलीत टेबलावर ठेवलंय. खिडकी उघडी. सोडा नाही, पॉलिश नाही. आठ दिवस झाले, जसंच्या तसं पांढरं आहे. आईला फोन करून सांगितलं.
बरं, म्हणाली.
परत कधी येतेस, ते विचारायचं राहूनच गेलं. रेंज नव्हती.