मागच्या चाकाचा नट

३ मार्च, रविवार
कार रेसमध्ये आमच्या पिवळ्या टीमने आज पुन्हा नाक कापलं. पहिल्या नंबरवरची गाडी टायर बदलायला आली. तीन चाकं बसली, मागच्या चाकाचा नट आवळायचा राहिला, आणि दिवेवाल्या शहाण्याने निघायचा हिरवा दिवा दाखवला! गाडी एकीकडे, चाक दुसरीकडे. जावई निळ्या टीमचा. स्वतःची गाडीही निळीच घेतलीय भक्ताने. मला म्हणे, बाबा, चाक तरी रेस पूर्ण करेल का?
निश्चय : या टीमचं पुन्हा तोंड बघायचं नाही.

४ मार्च
टीमला पत्र टाकलं. शाळेत कमी, गॅरेजमध्येच जास्त शिकलो, तरी सांगतो म्हटलं : निघण्याआधी एकदा मागे वळून बघावं. बस. आणि तो दिवेवाला हाकला आधी.

९ मार्च
पुढच्या शनिवारी आमच्या हिचं गाणं. साठीनंतर क्लास लावला, आता पहिल्यांदाच स्टेजवर एकटी गाणार, तीही सुरुवातीलाच. दिवसभर गरम पाणी पिते आणि भिंतीला गाणं म्हणून दाखवते. जावई म्हणाला, आईंना मी नेतो. मी म्हटलं, मी काय मेलोय? ही म्हणाली, वेळेवर पोचवा म्हणजे झालं, चारचौघांत धावत जायला लावू नका.

१० मार्च, रविवार
रेस पाहिली नाही. फक्त टीव्हीसमोर बसून पेपर वाचला. भर पावसात आमच्यांनी कोरड्या रस्त्याचे टायर लावले. गाडी गवतात. कपाळ माझं!

१६ मार्च, सकाळी
प्लॅन तयार. टाकी मुद्दाम भरली नाही. हलकी गाडी पळते. रेससारखा वाटेत एकच पिट स्टॉप, पेट्रोलपुरता. ही म्हणाली, कालच पेट्रोल भरलं असतं तर? हिला स्ट्रॅटेजी कळत नाही, पण मनाची चांगली आहे.

दुपारी, हॉलबाहेर, गाडीतच
पोचलो! अगदी ठरल्या वेळेला. हिला दोन मिनिटं श्वास घेऊ दे, तोवर लिहितो. ही मागे बसली, पुढे एसीचा वारा घशाला लागतो म्हणून. पंपावर काय स्टॉप झाला! पंपवाल्याला नटाचा किस्सा सांगत होतो, तेवढ्यात ही काहीतरी म्हणाली, मी हं म्हटलं. पेट्रोल भरलं, झाकण लावलं, निघालो.
मग वाटभर हिला पिट स्टॉपचं शास्त्र समजावलं. चाळीस वर्षांत इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं तिने. एकदाही 'पुरे हो' नाही.
मागून एक निळी गाडी सारखी हॉर्न देत होती. खिडकीतून हात काय हलवतात! मी पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी सिग्नलला पुढे सटकली. निळे मेले सगळे असेच.
आत कुणीतरी गायला लागलंय. आधी हिचा नंबर होता ना? आयोजकांचा सगळा सावळागोंधळ. बाई गाते मात्र सुरेख. हिला म्हटलं, ऐक, असं मोकळ्या गळ्याने गायला हवं.
उत्तर नाही. घाबरली असेल बिचारी.

लगेच
मागच्या सीटवर गरम पाण्याचा थर्मास आहे. पर्स आहे.

१७ मार्च
ही पंपावर हात धुवायला उतरली होती. सांगून उतरली होती. मागून लेक आणि जावई येत होते, त्यांनी तिला गाडीत घेतलं. धावतच स्टेजवर गेली म्हणे. मी आत पोचलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. दारात उभं राहून मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. तिने बघितलं नाही.
जावई चहाला आला. नुसता चहाच्या ट्रॉलीची चारही चाकं एकेक करून हलवून बघत होता.

२४ मार्च, रविवार
बातमी आली, टीमने त्या दिवेवाल्याला काढून टाकलं. माझं पत्र पोचलं की काय? बिचारा. एवढ्या गडबडीत होतं माणसाकडून.
धीर करून हिला विचारलं, एका चुकीपायी माणसाला असं काढून टाकावं का?
ही म्हणाली, त्यांचं मला माहीत नाही. आपल्याकडे अजून विचार चालू आहे.