डाव्या हातावरचं ऑटोमॅटिक

बाबा, आज मार्केटमध्ये स्वतःसाठी घड्याळ घ्यायला गेले होते. दुकानदाराने दोन पुढे ठेवली, एक सेलवर चालणारं क्वार्ट्ज आणि एक ऑटोमॅटिक. म्हणाला, "मॅडम, रोज पहनोगे तो ही ऑटोमॅटिक लेना. हाथ हिलेगा तभी चलेगी." मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. काहीच न घेता परत आले.

पहिल्या पगारातून मी तुमच्यासाठी क्वार्ट्ज आणलं होतं. आपल्या मरोदा कॉलनीतल्या घरात तुमचे प्लँटमधले दोन मित्र चहा घेत बसलेले. तुम्ही डबी उघडली, घड्याळ कानाला लावलं आणि हसलात. "हे सेलवालं खेळणं मले कावून आणलं? माह्या हातात दम हाये, म्हणून माहं घड्याळ चालते. हे कामवाल्या बाईले दे, टाइमावर तं येईन." मित्रही हसले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आधी जखम करायची आणि मग चारचौघांत त्याच जखमेवर मीठ चोळायचं, ही तुमची रीतच होती. मी ते घड्याळ कपाटात ठेवलं आणि मनात डूख धरला.

आई गेल्यावर वर्षभरात तुम्हाला लकवा मारला, डावं अंग गेलं. मी सकाळी तुमचं अंग पुसते, भरवते, आणि कामावर निघण्याआधी तुमचं लाडकं ऑटोमॅटिक त्या मेलेल्या मनगटावर बांधते. घड्याळ डाव्याच हाताला घालायची तुमची जुनी सवय, मी फक्त ती पाळते. दुपारी शेजारच्या काकू जेवण भरवून जातात, तोवर ते बंद पडलेलं असतं. भिंतीवरचं घड्याळ तुमच्या डोक्यामागे. साडेपाचला मी येते तेव्हा तुम्ही मनगटाकडेच बघत पडलेले असता. "किती... वाजले?"

"तुमच्या हातावर हाये ना घड्याळ, बाबा. पाहा."

मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. कपाटातल्या क्वार्ट्जमध्ये मी नवा सेलही टाकून ठेवलाय. ते चालू आहे, एवढं अधूनमधून बघून येते आणि कपाट लावून घेते. कॉलनीत म्हणतात, पोरीनं बापाचं लय केलं. केलंच.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, पण एक सांगते. एका सकाळी तुम्ही तुमचा चांगला हात पुढे केलात आणि म्हणालात, "इकडं... बांध." तुमचं बोलणं कळत नाही, असं मी दाखवलं. मला स्वच्छ कळलं होतं.