वयाचंच आहे

प्रिय श्यामलाताई,

काल तू नर्सला म्हणालीस, "ही माझी धाकटी बहीण. हिच्या औषधांवरच इतके दिवस निभावलं." मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पडले.

दिवाळीपासून तू माझ्या येरवड्याच्या मेडिकलमध्ये येत होतीस. दोन घासांत पोट भरतं, फुगतं, म्हणायचीस. तू एकोणपन्नासची, पाळी मागेपुढे होणारी. मी म्हणायचे, "वयाचंच आहे गं, मलाही होतंय," आणि गॅसच्या गोळ्या द्यायचे. सात महिने दिल्या.

मार्चमध्ये तू विचारलंस, "सोनोग्राफी करू का?" दुकानात गर्दी होती. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "पुण्यात एवढ्या बायकांची पाळी जाते, सगळ्या काय सोनोग्राफी करतात?" लोक हसले. तूही हसलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

आता अंडाशयातला कॅन्सर पोटात सगळीकडे पसरला आहे, आणि तू माझेच आभार मानतेस.

तुला न सांगता परवा मी माझी सोनोग्राफी करून घेतली. काही निघालं नाही. माझं खरंच वयाचं होतं. रिपोर्ट वाचून मला आधी आनंद झाला, ताई. तुझी आठवण नंतर आली.

हे पत्र तुझ्या हाती द्यायचं धाडस माझ्यात नाही.

तुझी,
हेमांगी